चाळीस लिटर पाण्याचा हिशेब

माझी थोरली बहीण, आक्का, जिंतूर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात राहते. गेल्या हिवाळ्यात तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतिणीचं न्हाणं, बाळाचं न्हाणं, धुणं, शिवाय घरच्या माणसांच्या आंघोळी. रोज सकाळी दोन हंडे, म्हणजे चाळीस लिटर पाणी कढत लागायचं. वर्षभर पुरेल म्हणून रचलेलं जळतण संक्रांतीच्या आधीच निम्म्यावर आलं आणि घरात कुरबुर सुरू झाली.

सुनेचं म्हणणं, गॅसवर तापवू. दाजींचं म्हणणं, जळतण फुकटचं असताना गॅसवर पाणी तापवणं म्हणजे नोट पेटवून चहा करणं. भाच्यानं मध्येच तालुक्याहून दीड हजार वॅटचा रॉड आणून ठेवला होता. त्याला आक्का हात लावू देईना. भांडण निकालासाठी माझ्याकडं आलं, कारण मी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलं. मी म्हणालो, निकाल मी देत नाही, काटा देईल. शाळेतला जुना तापमापक, ताणकाटा आणि एक वही घेऊन आठ दिवसांसाठी गेलो आणि तिथं पुढं पंधरा दिवस राहिलो.

हे सगळं एका घरापुरतं आहे. आकडे त्या चुलीचे, त्या हंड्याचे, त्या वाऱ्याचे आहेत. दुसऱ्या घरी ते थोडे इकडंतिकडं होतील.

मोजायचं काय, ते आधी ठरवलं. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. पहाटे हंड्यातलं पाणी १८ अंश होतं. ते ६० पर्यंत न्यायचं, मग त्यात विसण घालून आंघोळ. वीस लिटर गुणिले बेचाळीस अंश, म्हणजे एका हंड्याला ८४० किलोकॅलरी. इंधन कुठलंही असो, पाण्याला हवेत एवढेच ८४०. फरक पडतो तो एवढे पोचवायला आपण मागे किती जाळतो, यात.

पहिला दिवस वाया गेला. लाकूड तोलून ठेवलं, वेळ लिहिली, तापमापक धरून बसलो, आणि निम्म्यात दाजींनी तोंड धुवायला दोन तांबे पाणी काढून नेलं. दुसऱ्या दिवशी हंड्यापाशी नातवाला पहाऱ्याला बसवलं.

परसातली चूल

पाणी तापायचं परसात, तीन दगडांवर. दगड चांगले वीतभर उंच. लांब बाभळीची लाकडं आत सारायची, जळत आली की पुढं ढकलायची. बाभूळ वर्षभर वाळलेली होती. अशा वाळक्या लाकडाच्या एका किलोत साधारण ३,८०० किलोकॅलरी धरतात. पाणी ६० ला पोचेपर्यंत २ किलो ३०० ग्रॅम लाकूड गेलं. म्हणजे जाळले ८,७४०, पाण्यात उतरले ८४०. शेकडा साडेनऊ.

आकडा ऐकून भाचा हसला, पण उघड्या चुलीचं हे सगळीकडंच असं आहे. तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता शेकडा दहा-पंधरा धरतात आणि आमची परसात उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडी होती. नंतर तुराट्यांवर करून पाहिलं. तुराटी झटकन पेटते, भडकते आणि ज्वाळा हंड्याच्या पोटाला नुसती चाटून वर निघून जाते. २ किलो ८०० ग्रॅम गेल्या, शेकडा आठच्या आत. गोवऱ्या ३ किलो ४०० ग्रॅम लागल्या. गोवरीत किलोला तीन हजारांच्या आसपास उष्णता असते, त्या हिशेबानं तीही आठाच्या घरात. वेळ मात्र गोवरीला सगळ्यांत जास्त, कारण ती धुमसते.

कापसाच्या पऱ्हाट्या मी मुद्दाम मोजल्या नाहीत. त्या घरी आणून रचून ठेवायला माझा विरोध आहे. गुलाबी बोंडअळी त्या वाळल्या बोंडांत दडून राहते आणि कृषी खातं दरवर्षी सांगतं की पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर, घराशेजारी ठेवू नका. जळतण वाचवायचं आणि पुढच्या हंगामात फवारणीला पैसे घालायचे, हा कुठला हिशेब? दाजी यावर काही बोलले नाहीत, पण गोठ्यामागचा ढीग दोन दिवसांत हलला.

ओलं लाकूड किती खातं, तेही पाहिलं. महिन्याभरापूर्वी तोडलेली बाभळीची फांदी चुलीत घातली की तिच्या शेंड्यातून फेस येतो आणि सूं सूं आवाज होतो. तो फेस म्हणजे लाकडातलं पाणी. शंभरात चाळीस भाग पाणी असलेल्या लाकडाच्या किलोत हाती लागते ती जेमतेम अडीच हजार किलोकॅलरी. चारशे ग्रॅम पाणी तर मुळात जळत नाहीच, वर त्याची वाफ करायलाही त्याच लाकडाची उष्णता जाते. आक्काचं त्यावर एकच वाक्य होतं, "ओलं जाळलं की डोळे जाळतंय, पाणी नाही."

मग शंभरातले बाकीचे नव्वद कुठं जातात? थोडे दगडांत मुरतात, पुष्कळ धुराबरोबर आणि गरम हवेबरोबर वर जातात, काही चुलीच्या तोंडातून समोर बसलेल्याच्या पायांवर पडतात. आणि काही मागे उरतात. पाणी उतरल्यावर चुलीतले इंगळ बाजूला ओढले, पाण्याचा हात न लावता झाकून विझवले, सकाळी गार झाल्यावर तोलले. १६० ग्रॅम कोळसा भरला. कोळशात किलोला सात हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे अकराशेच्या वर. पाण्यात गेलेल्या ८४० पेक्षा चुलीत उरलेली उष्णताच जास्त!

मी वहीत हे मोठ्या अक्षरात 'वाया' म्हणून लिहिलं आणि आक्काला दाखवलं. तिनं मला चुलीपाशी नेलं. इंगळावर भरताचं वांगं होतं. शेजारी दुधाचं भगुलं, दूध मंद तापून त्यावर बोटभर साय येत होती. उरलेले इंगळ शेगडीत भरून बाळंतिणीच्या बाजेखाली जायचे होते. "ह्यातलं वाया काय चाललंय, सांग बरं," ती म्हणाली. मी 'वाया' वर काट मारली.

शाळेत कार्यक्षमता शिकवताना आम्ही एक भांडं आणि एक काम धरायचो. आक्काच्या चुलीला एकाच वेळी चार कामं असतात आणि पाचवं म्हणजे दाजींनी सकाळी तिच्यापुढं हात शेकत बसणं.

शेकण्याबद्दल थोडं

मराठवाड्याची थंडी कुणी मनावर घेत नाही, पण थंडीच्या लाटेत परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या येतातच. आक्काचं जुनं घर माळवदाचं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर माती, मध्ये धूर-उजेडाला ठेवलेलं साणं. दिवसा तापलेल्या त्या भिंती रात्री घर उबदार ठेवतात. नवीन दोन खोल्या पत्र्याच्या, त्या मध्यरात्रीनंतर बर्फासारख्या पडतात, आणि बाळंतिणीला ठेवलं होतं नेमकं तिथं.

उघडा जाळ खोली तापवत नाही, समोरच्या माणसाची पुढची बाजू तापवतो. पाठ गारच. विलायतेत घराघरांत भिंतीत शेकोट्या असत, तिथंही हेच रडगाणं होतं. धुराडं इतकं रुंद की जाळ खोलीतलीच गरम हवा ओढून वर नेई आणि दाराखिडक्यांच्या फटींतून गार हवा आत घेई. १७९६ मध्ये काउंट रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं यावर निबंध छापला. धुराड्याचा गळा अरुंद करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा, म्हणजे जाळाची आच खोलीत परतेल, एवढीच त्याची मुख्य सूचना, आणि लंडनमधल्या लोकांनी शेकोट्या फोडून तशा बांधून घेतल्या.

आमच्याकडं धुराड्याचा प्रश्न नव्हता, उलटा होता. पत्र्याच्या खोलीत दार-खिडकी लावून, बाळाला वारा लागू नये म्हणून फटीत चिंध्या कोंबून, बाजेखाली इंगळाची शेगडी. धूर दिसत नाही म्हणून सगळे निर्धास्त. पण इंगळ धुराशिवाय जळतात तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस झोपेतच गुंगतो. इथं मी कार्यक्षमता वगैरे बाजूला ठेवली आणि मामा म्हणून आवाज चढवला. शेगडी आत नेण्याआधी अंगणात पूर्ण फुलू द्यायची, आत असेपर्यंत वरची खिडकी उघडी, कुणीतरी जागं, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर. आक्का म्हणाली की तिची चारी लेकरं अशाच शेगडीवर वाढली. ती माळवदात वाढली, साणं उघडं असायचं, हे मी तिला दोन दिवस सांगत होतो. तिसऱ्या दिवशी सुनेनं न विचारता खिडकीतल्या चिंध्या काढल्या.

गॅस, रॉड आणि माळ्यावरचा बंब

गॅस मोजणं अवघड गेलं. भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास आणि एवढ्या वजनात एका हंड्याचा फरक माझ्या ताणकाट्यावर नीट वाचता येईना. म्हणून दोन दिवसांत चार हंडे तापवले आणि टाकी आधी-नंतर तोलली. ५२० ग्रॅम गॅस गेला, हंड्याला १३०. गॅसच्या किलोत १०,९०० किलोकॅलरी धरल्या तर शेकडा ५९. घरगुती शेगडीला भारतीय मानकात किमान ६८ लागतात, पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या सपाट बुडाच्या भांड्यांवरचा. गोल बुडाच्या हंड्याखालून ज्योत बाहेर फाकते.

रोज दोन हंडे धरले तर १४.२ किलोची टाकी ५४ दिवस जाते. टाकी नऊशेला धरली तर दिवसाला साडेसोळा रुपये. सून लगेच म्हणाली, "बघा मामा, साडेसोळा रुपयांत आत्याबाईंचे डोळे वाचतेत." उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, या घरात तिची टाकी आहे, पण ती चहाला आणि पाहुण्यांना. पाणी तापवणं हे गॅसचं काम नव्हे, असं गावात जणू ठरूनच गेलं आहे.

रॉडचा हिशेब सगळ्यांत सोपा. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, आणि पाण्यात बुडालेल्या रॉडची उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठं? हंडा स्वतः तापतो, अंगानं थोडी उष्णता सोडतो, तेवढं धरून हंड्याला एका युनिटहून किंचित जास्त. दोन हंडे २.१ युनिट, युनिट आठ रुपयांचं धरलं तर सतरा रुपये. गॅसइतकेच. वेळ चाळीस-बेचाळीस मिनिटं लागायला हवी होती, लागला सव्वा तास. दाब मोजला तर सकाळी १८० व्होल्ट. २३० ऐवजी १८० मिळाले की दीड हजार वॅटचा रॉड नऊशेवर येतो, कारण शक्ती दाबाच्या वर्गानं घटते. वर बोअरचं खारं पाणी. आठ दिवसांत रॉडवर पांढरा थर चढला. आणि लोखंडी बादलीत रॉड टाकून पाणी गरम झालं का म्हणून बोट घालायची सवय तर जिवावरची. बटण बंद करून, पिन काढून मगच हात, हे मी नातवाकडून दहादा म्हणवून घेतलं.

रॉड शंभर टक्के कार्यक्षम, असं भाचा ठासून सांगत होता. हंड्यापुरतं खरं आहे. पण ती वीज परळीसारख्या केंद्रात कोळसा जाळून होते, तिथं शंभरातले पस्तीसच्या आसपास विजेत उतरतात, बाकी वाफेबरोबर आणि थंड करायच्या पाण्याबरोबर जातात. ते पाणीही आपलंच. २०१५ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

मग आठवलं की माळ्यावर आईचा तांब्याचा बंब आहे. आक्कानं तो लग्नात आणला होता. तोटी गळत होती, खालची जाळी गंजून गेली होती, म्हणून वीस वर्षं कांद्याच्या पोत्याखाली. तालुक्याला नेऊन झाळ दिली, नवी जाळी बसवली.

बंब आपल्याकडं इतका ओळखीचा की त्यात किती डोकं लढवलंय हे कुणी पाहत नाही. चुलीत जाळ खाली आणि भांडं वर, मध्ये मोकळी हवा. बंबात जाळ पाण्याच्या पोटात. मधल्या नळीतून धूर वर जाताना चहूबाजूंनी पाणीच भेटतं. खाली जाळी असल्यानं हवा जाळाच्या तळातून येते, इंगळ राखेत पुरले जात नाहीत, जळून संपतात. वीस लिटरला ९५० ग्रॅम लाकूड लागलं. शेकडा २३. चुलीच्या निम्म्याहूनही कमी जळतण, तेही त्याच बाभळीचं.

बंबाच्या दोन अटी आहेत. पाणी भरल्याशिवाय कधी पेटवायचा नाही, नाहीतर झाळ वितळते. आणि त्याला लाकूड वीतभर तुकड्यांचं लागतं. लांब लाकूड वरून ढकललं की नळी चोंदते. म्हणजे बंबानं वाचवलेल्या लाकडातलं थोडं कुऱ्हाडीच्या घामात परत जातं. हा घाम दाजींचा, म्हणून त्यांना बंब पहिल्या दिवशी पसंत पडला नाही.

दरम्यान चुलीवरही हात फिरवला. दगड चार बोटं उतरवले, वाऱ्याच्या बाजूला विटांचा आडोसा केला, हंड्याभोवती दोन बोटं जागा सोडून जुना पत्रा गुंडाळला, म्हणजे ज्वाळा हंड्याला घासून वर जाईल. एका वेळी दोनच लाकडं. २ किलो ३०० वरून १ किलो ४०० वर आलं, शेकडा सोळाच्या आसपास. हंड्यावर झाकण ठेवून फारसा फरक पडला नाही, कारण हंड्याचं तोंड मुळात अरुंद. रुंद भगुल्यावर पडला असता.

१९८३ मध्ये निर्धूर चुलींचा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा या घरातही पाइपाची एक चूल बसली होती. आक्काला आठवतं, धूर बाहेर जायचा पण भाकरीला आच पुरायची नाही, आणि पाइप काजळीनं भरला की सगळा धूर परत घरात. दोन वर्षांत फोडून टाकली. पाइपातून धुराबरोबर उष्णताही ओढली जाते. त्या भोकाचं माप आणि पाइपाची साफसफाई नेमकी नसेल तर माणूस जुन्या चुलीकडं वळणारच. तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला.

आता दाजींचा 'फुकट' हा शब्द. मी त्यांना उलटं मांडून दाखवलं. रोज दोन हंड्यांना चुलीत ४ किलो ६०० लाकूड. गॅसचे साडेसोळा रुपये त्यावर वाटले तर किलोला साडेतीन रुपये पडतात. लाकूड त्याहून महाग विकत घ्यावं लागलं की चूल गॅसपेक्षा महाग. बंबात हीच मर्यादा किलोला साडेआठ रुपयांच्या पुढं जाते. दाजी म्हणाले, "विकत घेतंय कोण?" खरं आहे, ते घेत नाहीत. पण आठवड्याला दोन भारे डोक्यावर कोण आणतं, तर आक्का आणि सून. त्यांच्या अर्ध्या दिवसाला कुणी भाव लावलेला नाही, म्हणून ते फुकट.

अंदाज कुठं चुकला

बंब सुरू झाला तेव्हा मी छातीठोक सांगितलं होतं की रोजचं ४ किलो ६०० वरून १ किलो ९०० वर येईल. आठ दिवसांची सरासरी काढली तर ३ किलो १०० निघाली. दाजी खूश, मी बुचकळ्यात. बंब तोलला, बरोबर होता. मग पहाटे उठून पाहिलं. आक्का बंब पेटवून झाल्यावर शांतपणे परसातली चूल पेटवत होती. बंबाच्या जाळीत इंगळ उरत नाहीत ना! बाळंतिणीच्या शेगडीला इंगळ हवेत, दूध ठेवायचं, वांगं भाजायचं. त्यासाठी रोज सव्वा किलो वेगळं.

म्हणजे पहिल्या दिवशी मी ज्या १६० ग्रॅम कोळशावर 'वाया' लिहिलं होतं, तो आता मुद्दाम करावा लागत होता. तरी दिवसाला दीड किलो वाचलं.

गोबरगॅसचा विषयही निघाला. घरी तीन जनावरं, दिवसाला तीस किलो शेण. त्याच्या गोवऱ्या केल्या तर वाळून सहा किलो, आणि चुलीत त्यांतून हाती लागते चौदाशे-साडेचौदाशे किलोकॅलरी. तेच शेण संयंत्रात घातलं तर सव्वा घनमीटर गॅस, आणि शेगडीवर तीन हजारांच्या वर. शिवाय संयंत्रातून बाहेर पडणारी शेणाची रबडी खत म्हणून शेतात जाते, गोवरीची मात्र राख होते. पण शेणाइतकंच पाणी रोज कालवावं लागतं, थंडीत गॅस कमी सुटतो, आणि या गावात एप्रिलपासून पाणी टँकरनं येतं. आक्कानं एवढंच विचारलं, "तीस लिटर पाणी शेणात घालू का माणसांना पाजू?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, विषय तिथं थांबला.

महाशिवरात्रीनंतर लेक बाळाला घेऊन सासरी गेली. शेगडी माळ्यावर गेली. पुढच्या आठवड्यात भाच्यानं फोनवर आकडा सांगितला, दोन किलो दोनशे. त्यात दुधाच्या चुलीचं जळतण धरलेलं. रॉड पावसाळ्यात जळतण भिजेल तेव्हासाठी ठेवला आहे, आणि ज्या दिवशी भारा आणायला जायचं असेल त्या दिवशी पाणी गॅसवर, असं सुनेनं परस्पर ठरवून टाकलं. दाजी आता संध्याकाळी ओट्यावर बसून बाभळीचे वीतभर तुकडे करतात. शेकायला बसायची जागा गेली, ही तक्रार मात्र ते अजून येईल त्याला सांगतात.